पिचरांच्या बाजूचा माणूस

जॉनी सेन यांच्या चेंडूला वेग नव्हता. बेसबॉलमध्ये पिचरची पारख करणारे आधी वेग पाहतात आणि मग बाकीचे. त्यामुळे आर्कान्सॉ राज्यातल्या हवाना नावाच्या लहानशा गावातून आलेल्या या उंच मुलाकडे 1930 च्या दशकात कुणी फारसे लक्ष दिले नाही. वडील मोटार मेकॅनिक होते. कर्व्हबॉल कसा टाकायचा हे त्यांनीच मुलाला शिकवले. तेवढ्या शिदोरीवर सेन व्यावसायिक बेसबॉलच्या तळच्या पायरीवर, डी दर्जाच्या लीगमध्ये, ऑसिओला आणि न्यूपोर्ट अशा गावांच्या संघांतून वर्षानुवर्षे खेळत राहिले आणि मग नॅशव्हिलला पोहोचले. बॉस्टन ब्रेव्ह्जच्या संघातून मेजर लीगमधला पहिला सामना खेळायला 1942 साल उजाडले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

पुढच्या पानांत ज्या कारकिर्दीची ओळख होणार आहे, तिची सुरुवात ही अशी. तिचे उघड दोन भाग पडतात. पहिल्या भागात सेन स्वतः पिचर आहेत. 139 सामने जिंकणारे, चार वेळा एका मोसमात वीस किंवा अधिक विजय मिळवणारे. दुसऱ्या भागात ते पिचिंग कोच आहेत, आणि माझ्या मते हा भाग पहिल्याहून मोठा आहे. त्यांच्या हाताखाली व्हायटी फोर्ड, राल्फ टेरी, जिम बाउटन, मडकॅट ग्रँट, जिम काट, अर्ल विल्सन, डेनी मॅक्लेन, विल्बर वूड आणि स्टॅन बान्सन या नऊ जणांनी वीस विजयांचा टप्पा ओलांडला. त्यातल्या कित्येकांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच ओलांडला. एवढे करूनही सेन यांची नोकरी पुन्हा पुन्हा गेली. या दोन गोष्टी एकाच कारणाने घडल्या, असे मला ठामपणे वाटते, आणि ते कारण समजावे म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवण्याची मोकळीक घेतो.

महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत सॉफ्टबॉल खेळला जातो, त्यामुळे पिचर, कॅचर, बेस, होमरन हे शब्द आपल्या वाचकाला परके नाहीत. मात्र सॉफ्टबॉलचा पिचर हात खालून आणतो. बेसबॉलचा पिचर मातीच्या उंचवट्यावर, माउंडवर, उभा राहून वरून चेंडू फेकतो आणि होम प्लेट त्याच्यापासून 18.44 मीटरवर असते. क्रिकेटच्या गोलंदाजाला टप्पा मिळतो. खेळपट्टी त्याला मदत करते, कधी दगा देते. पिचरला टप्पा नाही. फलंदाजाला चकवायचे तर जे काही करायचे ते चेंडू हवेत असतानाच. कर्व्हबॉलमध्ये तो चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देतो. शिवणीमुळे भोवतालची हवा चेंडूबरोबर ओढली जाते, वर आणि खाली दाब वेगवेगळा होतो आणि चेंडू अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. फिरकीचा आस थोडा तिरका झाला तर तो बाजूलाही वळतो. वेग नसलेल्या पिचरचे सगळे भांडवल या आसात असते. तो किती कलता ठेवायचा, बोटे शिवणीवर कुठे ठेवायची, मनगट केव्हा वळवायचे हे त्याला नेमके ठाऊक असावे लागते. दणकट हाताच्या मुलाला बरीच वर्षे याचा विचार न करताही निभावता येते. सेन यांना ती सवलत कधीच मिळाली नाही.

मग महायुद्ध आले. सेन नौदलात गेले, वैमानिक झाले, पुढे टेक्सासमधल्या कॉर्पस ख्रिस्टी इथे नव्या वैमानिकांना शिकवू लागले. या काळाकडे मी वाचकाचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण चरित्रांत युद्धाची वर्षे बहुधा 'कारकिर्दीतला खंड' म्हणून दोन ओळींत आटोपली जातात. सेन यांच्या बाबतीत तसे करणे चूक ठरेल. इथे त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे हवेचे शास्त्र. पंखावरून हवा कशी वाहते हे शिकलेल्या माणसाला आपला कर्व्हबॉल का वळतो हे नव्याने दिसले. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. विमान शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याच्या हातातले नियंत्रण सारखे सारखे काढून घेता येत नाही. शेवटी त्याला एकट्यालाच वर पाठवायचे असते, आणि घाबरलेला, अपमानित झालेला विद्यार्थी एकट्याने विमान उतरवू शकत नाही. पुढे सेन यांनी पिचरांना ज्या रीतीने शिकवले तिचे मूळ मला या धावपट्टीवर दिसते.

याच काळात, 28 जुलै 1943 रोजी, युद्धनिधीसाठी यांकी स्टेडियमवर झालेल्या सामन्यात ते नौदल प्रशिक्षणार्थींच्या संघातून खेळले. समोर एकेकाळचा विख्यात फलंदाज, आता निवृत्त आणि स्थूल झालेला बेब रूथ बदली फलंदाज म्हणून आला. सेन यांनी टाकलेल्या चेंडूंवर तो चालत पहिल्या बेसवर गेला. एका संघटित सामन्यात रूथला चेंडू टाकणारे ते शेवटचे पिचर. पुढे 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये पहिल्यांदा फलंदाजीला उभा राहिला. आधुनिक काळातल्या मेजर लीगचे दार पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय खेळाडूला उघडले होते, आणि माउंडवर सेनच होते. रॉबिन्सनने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला, तिथून तो पहिल्या बेसवर फेकला गेला आणि रॉबिन्सन बाद झाला. सामना मात्र ब्रुकलिनने 5-3 असा जिंकला. लोक सेन यांना या दोन योगायोगांवरून ओळखतात. त्यांची ओळख तेवढ्यावरच थांबावी, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

युद्धावरून परतलेला सेन हा वेगळाच पिचर होता. 1946 मध्ये 20 विजय, 1947 मध्ये 21 आणि 1948 मध्ये 24. त्या 1948 च्या मोसमात त्यांनी 314 हून अधिक इनिंग टाकल्या आणि 28 सामने दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय शेवटपर्यंत नेले. सप्टेंबरमध्ये विजेतेपदाची चुरस शिगेला पोहोचली तेव्हा ब्रेव्ह्जचा सगळा भार सेन आणि डावखुरा वॉरन स्पान या दोघांवर आला. एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात स्पानने चौदा इनिंग टाकून विजय मिळवला, दुसऱ्यात सेन यांनी प्रतिस्पर्ध्याला एकही धाव काढू दिली नाही. मग पाऊस आला, विश्रांतीचे दिवस मिळाले आणि पुन्हा हेच दोघे. बारा दिवसांत दोघांनी मिळून आठ सामने जिंकले, हरला एकही नाही. 'बॉस्टन पोस्ट'च्या जेरल्ड हर्नने त्यावर छोटीशी कविता केली. आधी स्पान, मग सेन आणि त्यानंतर पावसाची प्रार्थना, असा तिचा आशय. बेसबॉलची आवड असलेल्या अमेरिकी माणसाला ती आजही पाठ असते.

त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेचा, पहिला सामना सेन विरुद्ध क्लीव्हलंडचा बॉब फेलर असा झाला. फेलर म्हणजे त्या काळचा वेगाचा बादशहा. त्याने ब्रेव्ह्जला केवळ दोन हिट दिल्या. तरीही सामना 1-0 असा सेन यांनी जिंकला. आठव्या इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर असलेला फिल मासी बाद होता की नव्हता यावर वाद झाला, पंचांनी त्याला नाबाद ठरवले आणि त्यानंतर टॉमी होम्सच्या फटक्यावर एकमेव धाव झाली. सिरीज क्लीव्हलंडने जिंकली.

त्याच मोसमातली आणखी एक घटना मला वर्ल्ड सिरीजहून अधिक बोलकी वाटते. ब्रेव्ह्जने जॉनी अँटोनेली या अठरा वर्षांच्या मुलाला करारापोटी पन्नास हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली. लीगमध्ये सर्वाधिक सामने जिंकत असलेल्या सेन यांचे वेतन त्याच्या जवळपासही नव्हते. तेव्हाच्या नियमांनुसार खेळाडू एका संघाशी जवळजवळ कायमचा बांधलेला असे. मालक देईल ते घ्यायचे, नाहीतर घरी बसायचे. सेन यांनी मालकांना साफ सांगितले की असे चालणार नाही, आणि मोसमाच्या मध्यावर नवा करार करून घेतला. आपल्या श्रमाची किंमत आपण मागायची असते, हे त्यांना त्या दिवसापासून पक्के कळले असावे. पुढे ते इतरांनाही हे शिकवू लागले आणि त्याची मोठी किंमत त्यांनी मोजली.

1949 मध्ये खांदा दुखू लागला. 10 विजय, 17 पराभव. पुढच्या वर्षी पुन्हा 20 विजय मिळाले, पण 1951 च्या ऑगस्टमध्ये ब्रेव्ह्जने त्यांना न्यूयॉर्क यांकीजकडे देऊन टाकले आणि बदल्यात पन्नास हजार डॉलर आणि लू बर्डेट नावाचा तरुण पिचर घेतला. (याच बर्डेटने 1957 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजला तीनदा हरवले.) यांकीजचे मॅनेजर केसी स्टेंगल यांनी सेन यांना कधी सुरुवातीला, कधी अखेरीस वापरले. सलग तीन वर्ल्ड सिरीज विजेत्या संघांत ते होते. 1955 मध्ये कॅन्सस सिटीत खेळाडू म्हणून प्रवास संपला. जाता जाता एक नोंद: फलंदाज म्हणून 774 वेळा मोजदादीत आलेल्या संधींत ते फक्त 20 वेळा स्ट्राइकआउट झाले. पिचर फलंदाजीत हात टेकतात अशा खेळात हा आकडा थक्क करणारा आहे, आणि हात आणि नजर यांच्यावर या माणसाची किती हुकमत होती ते त्यातून दिसते.

1961 मध्ये यांकीजचे मॅनेजर राल्फ हाउक झाले आणि सेन त्यांचे पिचिंग कोच. इथे संघाची रचना सांगायला हवी. बेसबॉलमध्ये मॅनेजर हा सर्वेसर्वा. कुणाला खेळवायचे, पिचरला कधी माउंडवरून उतरवायचे, सगळे तोच ठरवतो. पिचिंग कोच त्याचा मदतनीस. परंपरेने हे पद मॅनेजरच्या जुन्या मित्राला जाई. पिचरांना मैदानाच्या कडेने पळवणे आणि त्यांच्या तक्रारी मॅनेजरच्या कानावर घालणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. सेन यांनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत.

पळण्याबद्दलचे त्यांचे मत साधे होते. चेंडू पायांनी फेकला जात नाही. फेकणारे स्नायू फेकूनच तयार होतात. म्हणून दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत पिचरने हात गुंडाळून बसू नये, हलक्या जोराने, पण रोजच्या रोज, फिरकीवर लक्ष ठेवून चेंडू टाकत राहावा. त्यासाठी त्यांनी एक साधे साधनही बनवले होते. चेंडूतून आरपार काठी घातलेली, आणि त्या काठीभोवती चेंडू फिरवता येई. पिचर खोलीत बसल्या बसल्या तो हातात धरून फिरवू शके आणि फिरकीचा आस डोळ्यांनी पाहू शके. व्हायटी फोर्डसारखा मुरलेला पिचर त्याआधी एकदाही वीस विजयांपर्यंत गेला नव्हता. स्टेंगल त्याला मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवत. आता त्याला दर चौथ्या दिवशी माउंडवर पाठवले जाऊ लागले आणि 1961 मध्ये त्याने 25 सामने जिंकले, हरला फक्त 4. पुढच्या वर्षी राल्फ टेरीने 23 आणि त्याच्या पुढच्या वर्षी जिम बाउटनने 21 जिंकले. याच बाउटनचे 'बॉल फोर' हे पुस्तक 1970 मध्ये आले आणि त्याने बेसबॉलच्या जगात खळबळ उडवली. मॅनेजर आणि कोच मंडळींची त्याने त्यात बिलकूल गय केलेली नाही. सेन यांच्याबद्दल मात्र तो आदराने बोलतो.

तक्रारींचे म्हणाल तर पिचरने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सेन मॅनेजरपर्यंत नेत नसत. हे वाचताना किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्याने सगळा खेळ बदलतो. ज्याचा खांदा दुखतो आहे, ज्याला अमुक एका फलंदाजाची धास्ती बसली आहे, तो खेळाडू ते कबूल करेल की लपवेल, हे यावरच ठरते. आणि मोसमाआधीच्या सराव शिबिरात ते आपल्या पिचरांना सांगत, की मुख्य कार्यालयाचा जिना चढायला कचरू नका, तुमच्या कामाची किंमत मागा. कोचचा पगार संघाचे मालक देत होते. त्याने खेळाडूंना पगारवाढ मागायला शिकवावे, हे 1960 च्या दशकात बंडच होते. अजून खेळाडूंना कराराचे स्वातंत्र्य मिळायला दहा-पंधरा वर्षे होती.

यांकीजमध्ये तीन वर्षांत तीन वेळा संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि सेन बाहेर पडले. मग मिनेसोटा. तिथे 1965 मध्ये मडकॅट ग्रँटने 21 सामने जिंकले. अमेरिकन लीगमध्ये हा टप्पा गाठणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर. संघ वर्ल्ड सिरीजमध्ये सातव्या सामन्यापर्यंत झुंजला. पुढच्या वर्षी जिम काटने 25 जिंकले आणि मोसम संपताच सेन यांना काढून टाकण्यात आले. मॅनेजर सॅम मेली यांच्याशी त्यांचे पटत नव्हते. तेव्हा काटने वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून आपल्या संघाच्या निर्णयाचा निषेध केला. कराराने बांधलेल्या खेळाडूने असे करणे किती धोक्याचे होते, हे आज कळणे अवघड आहे. मग डेट्रॉइट. 1967 मध्ये अर्ल विल्सनचे 22 विजय. 1968 मध्ये डेनी मॅक्लेनने 31 सामने जिंकले, आणि एका मोसमात तीसचा आकडा त्यानंतर कुणीही गाठलेला नाही. त्याच वर्षी मिकी लोलिचने वर्ल्ड सिरीजचे तीन सामने जिंकून संघाला विजेतेपद मिळवून दिले. दहा महिन्यांनी, 1969 च्या ऑगस्टमध्ये, मॅनेजर मेयो स्मिथ यांच्याशी बिनसल्यावर सेन यांना घरी पाठवले गेले.

मॅनेजरांचीही बाजू होती, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. संघातले निम्मे महत्त्वाचे खेळाडू आपल्यापेक्षा आपल्या मदतनीसाचे अधिक ऐकतात, संघात आणखी एक संघ उभा राहतो आहे, हे कोणत्या प्रमुखाला आवडेल? सेन यांना राजकारण जमत नसे, आणि माघार घेणेही. पण पंचवीस विजय मिळवलेल्या पिचरच्या गुरूला काढताना ज्या सहजतेने निर्णय झाले, त्यावरून त्या काळात शिकवण्याच्या कामाची किंमत काय होती ते लक्षात येते.

याहून गंभीर प्रश्न हातांचा आहे. मॅक्लेनने 1968 मध्ये 336 इनिंग टाकल्या, दुखऱ्या खांद्यावर इंजेक्शने घेत तो खेळला आणि 1972 नंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही. शिकागो व्हाइट सॉक्समध्ये मॅनेजर चक टॅनर यांच्या हाताखाली सेन यांना 1971 पासून पाच वर्षे मोकळीक मिळाली. तिथे विल्बर वूडने 1972 मध्ये 376 हून अधिक इनिंग टाकल्या, तेही अनेकदा दोनच दिवसांच्या विश्रांतीवर. 1973 च्या जुलैमध्ये तर त्याने एकाच दिवशी लागोपाठच्या दोन सामन्यांची सुरुवात केली. वूडचे मुख्य अस्त्र नकलबॉल होते. तो जवळजवळ फिरकीविना, कमी जोराने टाकला जातो आणि खांद्यावर ताण कमी येतो, म्हणून हे शक्य झाले. सगळ्यांचे हात तसे नव्हते. सेन यांची पद्धत प्रत्येकाला सोसली असे मी म्हणणार नाही. मात्र मॅक्लेनच्या हाताचा दोष त्या पद्धतीवर टाकणाऱ्यांनी काटकडेही पाहावे. मिनेसोटाने नको म्हणून सोडलेला हा डावखुरा शिकागोत पुन्हा सेन यांच्याकडे आला आणि पस्तिशी ओलांडत असताना 1974 मध्ये 21 आणि 1975 मध्ये 20 सामने जिंकून गेला. त्यानंतरही तो कित्येक वर्षे खेळला. रोज थोडे फेकणे आणि सामन्यात बेसुमार फेकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कल्पना सेन यांची होती. दुसरी त्या काळाची, जिला त्यांनी विरोध केला नाही. त्यांच्यावर ठेवायचा ठपका मला इथे दिसतो.

पहिल्या कल्पनेचे पुढे काय झाले, तेही सांगतो. ब्रेव्ह्ज संघ तोवर अटलांटाला गेला होता. त्यांच्या संघटनेत पुढे काम करणाऱ्या सेन यांच्या सहवासात लिओ मझोनी नावाचा तरुण कोच घडला. तो स्वतः मेजर लीगमध्ये कधीच खेळला नव्हता. 1990 मध्ये तो अटलांटाचा पिचिंग कोच झाला आणि त्याने पाच दिवसांच्या चक्रात दोन सामन्यांच्या मध्ये एकदा नव्हे, दोनदा हलके पिचिंग करायचा नियम लावला. टॉम ग्लाव्हिन, ग्रेग मॅडक्स आणि जॉन स्मोल्ट्झ या तिघांनी 1991 ते 1998 या आठ वर्षांत सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक सहा वेळा अटलांटाकडे आणले. मॅडक्स आणि ग्लाव्हिन यांच्याकडेही दणकट वेग नव्हता. होता तो ताबा, आणि चेंडू हवेत काय करतो याची जाण. मझोनी हे ऋण सेन यांच्या नावावर उघडपणे मांडत आला आहे.

सेन 7 नोव्हेंबर 2006 रोजी इलिनॉय राज्यात, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी गेले. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये ते नाहीत. तिथे खेळाडूंना, मॅनेजरांना, पंचांना, पदाधिकाऱ्यांना जागा आहे, कोचसाठी वेगळा वर्गच नाही. स्पान तिथे आहे, फोर्ड आहे, मॅडक्स, ग्लाव्हिन आणि स्मोल्ट्झ आहेत, आणि 2022 पासून जिम काटही आहे. माझे मत असे, की हा वर्ग उघडावा आणि त्यात पहिले नाव जॉनी सेन यांचे लिहावे. वाचकाने मात्र ते आधीच मान्य करून पुढची पाने उलटू नयेत. मिनेसोटा आणि डेट्रॉइटची वर्षे सावकाश वाचावीत, मेली आणि स्मिथ यांचे म्हणणेही ऐकावे, आणि मग आपले मत ठरवावे.